अ, ॲन, द : या तीन टिकल्या नेमक्या लावायच्या कुठे?

तळटीप (धागाकर्ता), मंगळवार रात्री ११.४०

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या आठवड्यात नाक कापलं गेलं, तेव्हा मुहूर्त लागला.

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. (राज्यात २००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, तोवर आमची गाडी पुढे निघून गेली होती.) आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दिवसभर इंग्रजीतच लिहितो. काळ सहसा चुकत नाहीत, स्पेलिंग संगणक बघून घेतो. पण उपपदं! कुठे 'अ', कुठे 'द', कुठे काहीच नाही, याचा अजून पत्ता नाही. लिहून झालं की मी वाक्याकडे लांबून बघतो आणि बोडकं वाटलं तर एखादा 'द' चिकटवतो. कपाळावर टिकली लावावी तसा.

तर झालं असं. रात्रपाळीच्या टीमसाठी निरोप लिहिला. चार ओळी एका सर्व्हरचं रडगाणं गायलं आणि शेवटी लिहिलं, 'प्लीज रीस्टार्ट अ सर्व्हर.' पलीकडचा सहकारी आयर्लंडचा. त्याने रात्री दोनला फोन करून विचारलं, 'विच वन?' मी म्हटलं, अरे बाबा, वर तेच तर लिहिलंय. तो म्हणाला, मग 'अ' का लिहिलंस? मला वाटलं तुझ्या त्या रडक्या सर्व्हरचं राहू दे, दुसरा कुठलाही एक चालू करून बघायचाय. झोपेत होतो म्हणून वाद घातला नाही, पण त्याचं बरोबर होतं हे सकाळी चहा पिताना कळलं.

नियम पाठ आहेत. 'द सन', 'द मून', 'द गँजेस', सगळं घोकलंय. पण रोजच्या मजकुरात सूर्य-चंद्र कुठे येतात? येतात ते सर्व्हर, फाइल, मीटिंग आणि रिपोर्ट. तुम्ही काय युक्ती वापरता ते सांगा. इंग्रजी उदाहरणं मी देवनागरीतच लिहिणार आहे, मोबाइलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.

बोरकूट, मंगळवार रात्री ११.५२

रुमाल टाकून ठेवतो. माझी युक्ती सोपी आहे : शंका आली की अनेकवचन करायचं. निदान 'अ' तरी टळतो.

मास्तरीण, बुधवार सकाळी ६.१५

तळटीप, तुमच्या धाग्याने सकाळी सकाळी खडू हातात दिला. एकतीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. वर्गात मीसुद्धा सूर्य-चंद्रच शिकवले, कारण परीक्षेत गाळलेल्या जागा तिथेच असत. खरं शिकवायचं ते राहून गेलं, ते आता सांगते.

वाक्यातलं नाम घ्या आणि ऐकणाऱ्याच्या जागी बसा. त्याला 'कुठला?' हा प्रश्न पडेल का? पडणार नसेल, म्हणजे कुठला ते त्याला ठाऊक असेल, तर 'द'. ठाऊक नसेल आणि वस्तू एक-दोन-तीन मोजता येत असेल, तर 'अ' किंवा 'ॲन'. मोजताच येत नसेल किंवा सगळ्या जातीबद्दल बोलणं असेल, तर बहुधा काहीच नाही. रोजच्या लिखाणातल्या पुष्कळ जागा एवढ्यावर सुटतात. तुम्हाला काय ठाऊक आहे याला इथे काडीचं महत्त्व नाही. सगळे गोंधळतात ते याच ठिकाणी. सर्व्हर तुमच्या डोळ्यांसमोर होता. मात्र वर चार ओळी लिहिल्यामुळे तो आयरिश माणसाच्याही डोळ्यांसमोर आला होता, हे तुम्ही विसरलात.

आणि हे मराठी माणसाला परकं नाही. श्रावणातली कहाणी आठवा. 'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक राजा', दुसऱ्यांदा नुसता 'राजा'. दुसऱ्या वेळी कोणी 'एका राजाला दोन राण्या होत्या' म्हणालं, तर ऐकणारी बाई वाती वळायची थांबून विचारेल, 'हा आणखी कोण आला?' तुमच्या आयरिश सहकाऱ्याने तेच विचारलं.

तळटीप, बुधवार सकाळी ८.०५

बाई, साष्टांग. 'हा आणखी कोण आला' हे मॉनिटरवर चिकटवून ठेवतो.

बोरकूट, बुधवार सकाळी ९.३०

मास्तरीणबाईंना अनुमोदन. यावरून आठवलं. लोक म्हणतात मराठीत उपपदं नाहीत, पण त्यांचं काम करणारी मंडळी आहेत की. ही दोन वाक्यं बघा.

'आम्ही मुलगी बघायला गेलो होतो.'
'आम्ही मुलीला बघायला गेलो होतो.'

पहिल्यात कांदेपोहे आहेत. दुसऱ्यात मुलगी हॉस्टेलवर आजारी पडलीय आणि आईबाप बॅग घेऊन निघालेत. फरक फक्त एका 'ला'चा. तसंच 'डॉक्टर बोलाव' आणि 'डॉक्टरांना बोलाव'. पहिल्यात कोणीही चालेल, आपल्याला डिग्रीशी मतलब. दुसऱ्यात आपले नेहमीचे गल्लीतले डॉक्टर. पहिलं 'कॉल अ डॉक्टर', दुसरं 'कॉल द डॉक्टर'. 'प्लंबर बोलाव' आणि 'प्लंबरला बोलाव' यांतही तेच. (प्लंबर दोन्ही वाक्यांनी येत नाही, ती गोष्ट वेगळी.)

रानजाई, बुधवार सकाळी १०.१०

बोरकूट, कांदेपोह्यांना हसून हसून पुरेवाट. पण हा 'ला' जिवंत नामांनाच चालतो. 'पुस्तकाला आण' कोणी म्हणत नाही. मग निर्जीव वस्तूंचं काय करतो आपण? शब्दांची जागा बदलतो.

'टेबलावर पुस्तक आहे.' 'पुस्तक टेबलावर आहे.'

शब्द तेच तीन. पहिल्यात टेबल ठाऊक आहे आणि पुस्तकाची बातमी देतोय : 'देअर इज अ बुक ऑन द टेबल.' दुसऱ्यात पुस्तक आधीपासून शोधतोय, बातमी जागेची : 'द बुक इज ऑन द टेबल.' 'दारात गाडी उभी आहे' म्हटलं की पाहुणे आले असावेत. 'गाडी दारात उभी आहे' म्हटलं की आपलीच गाडी, किल्ली घे आणि निघ.

मी अनुवादाची कामं करते. इंग्रजीतून मराठीत येताना 'द'साठी जागोजाग 'ते' किंवा 'तो' घालणारे नवखे लगेच ओळखू येतात. 'त्या माणसाने ते दार उघडलं आणि त्या खोलीत तो दिवा लावला.' असं कोण बोलतं? ठाऊक असलेली गोष्ट वाक्यात पुढे आणली की मराठीत बरंचसं भागतं.

आडवाटेचा, बुधवार दुपारी १.२०

वा, जेवताना वाचायला चांगला धागा. एक पुरवणी जोडतो. 'अ'साठी आपल्याकडे एक नाही, दोन शब्द आहेत : 'एक' आणि 'एखादा'. 'तिला एका डॉक्टरशी लग्न करायचंय' म्हणजे पोरीने ठरवलंय, आता घरी सांगायचं बाकी आहे. 'तिला एखाद्या डॉक्टरशी लग्न करायचंय' म्हणजे अजून स्थळं बघायचीत. इंग्रजीत दोन्हीला 'शी वॉन्ट्स टू मॅरी अ डॉक्टर'. इथे गोंधळ इंग्रजीचा होतो, आपला नाही.

आता 'ॲन'कडे. शाळेत शिकवलं की ए-ई-आय-ओ-यू आलं की 'ॲन'. मग 'युनिव्हर्सिटी'ला 'ॲन' लावून आम्ही मार खाल्ला आणि 'अवर'ला 'अ' लावूनही खाल्ला. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. तळटीपने आळसापोटी उदाहरणं देवनागरीत लिहिली आणि माझी ट्यूब पेटली : शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. बस्स. 'युनिव्हर्सिटी'त य आहे, तिथे 'अ'. 'अवर'मध्ये अ, तिथे 'ॲन'. 'युरोपियन'ला 'अ', 'ऑनेस्ट'ला 'ॲन'. आणि आद्याक्षरांना तर ही परीक्षा फारच लागू पडते :

'ॲन एमपीएससी कँडिडेट', पण 'अ यूपीएससी कँडिडेट'.
'ॲन एस.टी. बस', 'ॲन एफआयआर', 'ॲन एलआयसी पॉलिसी', पण 'अ युपीआय पेमेंट'.
'अ वन-डे मॅच', पण 'ॲन ओडीआय'. सामना तोच!

रोमन लिपीत 'वन'च्या सुरुवातीचा व दिसत नाही, आपल्याला ढळढळीत दिसतो.

मास्तरीण, बुधवार दुपारी ३.४५

आडवाटेचा, युक्ती झकास आहे, वर्गात वापरली असती तर पुष्कळ छड्या वाचल्या असत्या. पण एका ठिकाणी फसाल. 'वर्ष' या अर्थाचा शब्द देवनागरीत कसा लिहिता? दर एक जानेवारीला सगळा महाराष्ट्र 'हॅपी न्यू इयर' लिहितो. इ म्हणजे स्वर, म्हणून 'ॲन इयर'? 'ॲन इअर' म्हणजे एक कान! वर्षाच्या मूळ उच्चारात सुरुवातीला य आहे, 'यिअर', तो आपण गिळतो. म्हणून 'अ यिअर'. देवनागरी बरोबर आहे, फक्त तीत आपला उच्चार न लिहिता त्यांचा लिहायला हवा.

बोरकूट, बुधवार दुपारी ३.५८

आमच्या गावाकडे आमदाराला 'येमेले' म्हणतात. तिथे 'अ येमेले' धरायचं का?

मास्तरीण, बुधवार दुपारी ४.०२

उच्चाराच्या नियमाने तुमच्या गावात 'अ येमेले' बरोबर. पेपरात 'ॲन' लिहा.

जर्सीकर, बुधवार संध्याकाळी ७.३०

इकडे सकाळ झालीय. बाई म्हणतात ते खरं, उच्चार बदलला की उपपद बदलतं. ब्रिटिश लोक कोथिंबीर-पुदिन्याच्या जातीला 'अ हर्ब' म्हणतात, इथले अमेरिकन ह खातात, म्हणून 'ॲन अर्ब'. दोघेही बरोबर. आणखी एक : कोणी आजारी पडून दाखल झालं की ब्रिटिश म्हणतात 'ही इज इन हॉस्पिटल', अमेरिकन म्हणतात 'इन द हॉस्पिटल'. मी इथे आल्यावर पहिली दोन वर्षं 'द' गाळत होते आणि लोक प्रेमाने दुरुस्त करत होते. शाळेत शिकलेलं ब्रिटिश इंग्रजी होतं, चुकीचं नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार?

'शाळे'ला मात्र दोन्हीकडे एकच न्याय. पोरगी 'गोज टू स्कूल', कारण ती शिकायला जाते. तिची तक्रार आली म्हणून मी जाते ती 'टू द स्कूल', कारण मला त्या इमारतीत काम आहे. 'गो टू बेड' आणि 'सिट ऑन द बेड' यांतही तेच. वस्तू तिच्या नेमून दिलेल्या कामासाठी असेल तर उपपद गळतं. पण 'ऑफिस'ला हे लागू नाही, तिथे कामाला जाऊनही 'टू द ऑफिस'. का ते विचारू नका.

लेगस्पिन, बुधवार रात्री ८.१५

'ॲन' हा 'अ'चा स्वरांपुढचा अवतार असं आपण शिकतो. खरं उलट आहे. जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे 'एक', हा थोरला. व्यंजनापुढे त्याचा न झिजला आणि 'अ' उरला. 'द' आला तो 'तो-ती-ते' दाखवणाऱ्या दर्शक सर्वनामातून. म्हणजे मुळात इंग्रजांकडेही आपल्यासारखे 'एक' आणि 'तो' एवढेच होते. लॅटिनमध्ये उपपदं नव्हती, पण तिच्यापासून निघालेल्या फ्रेंचने याच दोन शब्दांतून आपली उपपदं घडवली.

या झिजणाऱ्या न ने मोठी गंमत केलीय. स्वयंपाकघरातला 'एप्रन' आधी 'नॅप्रन' होता, 'नॅपकिन'चा भाऊबंद. 'अ नॅप्रन' भरभर बोलता बोलता न उपपदाला चिकटला आणि झालं 'ॲन एप्रन'. माझा आवडता म्हणजे 'अंपायर'. मूळ जुना फ्रेंच शब्द 'नॉनपेर', म्हणजे जोडीत नसलेला, दोघांच्या बाहेरचा. आपल्या भाषेत सांगायचं तर तिऱ्हाईत! 'अ नंपायर'चं 'ॲन अंपायर' झालं. दर रविवारी मैदानावर ज्याला आपण आंधळा म्हणतो त्याच्या नावातला पहिला न एका उपपदाने पळवलाय. उलटंही झालंय : 'निकनेम' मूळ 'ॲन एकनेम', 'एक' म्हणजे जादाचं, आपला 'एक' नव्हे. तिथे उपपदाचा न नामाने चोरला.

कोकमसरबत, बुधवार रात्री ९.००

मंडळी, राग मानू नका, पण एवढा काथ्याकूट कशासाठी? 'प्लीज रीस्टार्ट सर्व्हर' म्हटलं असतं तरी कळलं असतं. रशियन, चिनी, जपानी, सगळे बिनउपपदाचे जगतात. संस्कृतचं काही अडलं नाही. आपलं भारतीय इंग्रजी म्हणून एक वेगळं आहे ते अभिमानाने बोलावं, साहेबाच्या टिकल्या कशाला मोजत बसायच्या?

तारघर, बुधवार रात्री ९.४०

कोकमसरबत यांना अर्धा पाठिंबा. नोकरीची बरीच वर्षं तार खात्यात काढली. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे तिथे पहिला बळी उपपदाचा. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' ही तार किती घरांत गेली असेल याची गणती नाही. तीत एकही 'द' नाही आणि कोणाचा फादर हे कोणी विचारलं नाही. जुलै २०१३ मध्ये तार सेवा बंद झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांचे मथळे अजूनही तसेच जगतात, पाककृतीही : 'ॲड सॉल्ट'.

पण पाठिंबा अर्धाच. तार वाचणाऱ्याला आधीच सगळं ठाऊक असायचं, म्हणून ती चाले. अनोळखी माणसाला पाठवलेली तार परत 'अर्थ कळवा' म्हणून आलेलीही मी पाहिलीय.

आडवाटेचा, बुधवार रात्री १०.०५

कोकमसरबत, टिकली नसल्याने काय होतं याची दोन मोठी उदाहरणं.

एक, जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला आणि पृथ्वीवर ऐकू आलं, 'वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.' उपपदाशिवाय 'मॅन' म्हणजे मानवजात, आणि 'मॅनकाइंड' म्हणजेही मानवजात. वाक्याचा अर्थ झाला : मानवजातीचं लहान पाऊल, मानवजातीची मोठी झेप! त्याला म्हणायचं होतं 'फॉर अ मॅन', एका माणसाचं पाऊल. आपण 'अ' म्हणालो किंवा म्हणायचा बेत तरी होता, असं त्याचं पुढे म्हणणं होतं. ध्वनिफितीत तो 'अ' आहे की नाही यावर जाणकार कान लावून बसले. चंद्रावर जाऊन माणूस उपपदात अडकला, आपलं काय घेऊन बसलात?

दुसरं गंभीर आहे. नोव्हेंबर १९६७, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २४२. त्यात इस्रायलच्या फौजांनी 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट' माघार घ्यावी असं आहे. 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. मग सगळ्या प्रदेशांतून की त्यांतल्या काहींतून? फ्रेंच मसुद्यात मात्र तिथे उपपद आहे. या एका न लिहिलेल्या शब्दावर मुत्सद्दी आणि वकील अजून भांडतात. बाजू कोणाची खरी हा विषय इथे नको. (संपादक मंडळ, धागा भरकटला तर जबाबदारी माझी.)

कोकमसरबत, बुधवार रात्री १०.२०

बरं बाबा. सर्व्हरवरून पश्चिम आशियात पोचवलंत. माझा पंचा फडकवतो.

मांडवीकाठ, गुरुवार सकाळी ७.५०

गोव्याहून राम राम. आमच्याकडे पोर्तुगीज उपपद रोज सकाळी दारात पडतं. 'ओ हेराल्डो' हे वर्तमानपत्र १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालं, १९८३ पासून इंग्रजीत निघतं. त्यातला 'ओ' म्हणजे पोर्तुगीजमधला 'द', पुल्लिंगी. भाषा बदलली, टिकली तशीच राहिली. कोणी 'द ओ हेराल्डो' म्हणालं की माझ्या पोर्तुगीज शिकलेल्या आजोबांच्या कपाळाला आठी पडायची, म्हणायचे एका डोक्यावर दोन टोप्या. पोर्तुगीजमध्ये लिंग-वचनाप्रमाणे चार 'द' आहेत : 'ओ, आ, ऊश, आश'. एका 'द'वर रडणाऱ्यांनी देवाचे आभार माना.

आणि अरबीतला 'अल्' तर तुमच्याही तोंडात आहे. 'अल्कोहोल', 'अल्जिब्रा' यांच्या सुरुवातीला अरबी 'द'च बसलाय. इतकंच काय, मराठीतला 'अलबत' हाही त्याच 'अल्'चा, फारसीतून आलेला. मराठीत उपपद नाही म्हणता आणि 'अलबत' म्हणता!

रानजाई, गुरुवार सकाळी ९.१५

मांडवीकाठ, 'अलबत'ला टाळ्या.

आता 'द' जास्त होण्याबद्दल. एकदा धाक बसला की आपण सगळीकडे 'द' पेरतो. 'द लाइफ इज ब्युटिफुल', 'द नेचर टीचेस अस'. इथे कुठलं विशिष्ट आयुष्य किंवा वेगळा निसर्ग नाही, म्हणून नुसतं 'लाइफ', नुसतं 'नेचर'. आणि शाळेच्या निबंधातला हुकमी : 'वी शुड वर्क फॉर द सोसायटी.' समाज म्हणायचा असेल तर नुसतं 'सोसायटी'. 'द सोसायटी' म्हटलं की मला आमची गृहनिर्माण सोसायटी दिसते, पार्किंगची भांडणं, टाकी धुणं आणि थकलेला मेंटेनन्स. तिच्यासाठी काम करायला सेक्रेटरीसुद्धा तयार नाही.

मोजता न येणाऱ्या नामांचंही तेच. मराठीत आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'लगेज', 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' यांना 'अ' लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. 'ॲन ॲडव्हाइस' हे मी मोठमोठ्या साहेबांच्या इमेलमध्ये वाचलंय.

जर्सीकर, गुरुवार सकाळी १०.४०

झोपायच्या आधी एक. 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. माझ्या एका सहकाऱ्याने निरोप समारंभात भाषण सुरू केलं, 'आय वॉन्ट टू थँक फ्यू पीपल.' त्याला म्हणायचं होतं, काही लोकांचे आभार मानायचेत. ऐकू आलं ते, आभार मानावेत असे लोक कमीच आहेत. पहिल्या रांगेतल्या मॅनेजरबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. हा 'अ' म्हणजे आपल्या 'च'ची उलटी बाजू. 'थोडे लोक आले' म्हणजे 'अ फ्यू', 'थोडेच लोक आले' म्हणजे 'फ्यू'. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतही तेच. 'च' काढलात तर 'अ' घाला.

तळटीप, गुरुवार दुपारी १२.३०

हे 'च'चं कोणी शाळेत का नाही सांगितलं? कालच मी क्लायंटला 'आय हॅव फ्यू डाउट्स' लिहिलं. म्हणजे मला शंका फारशा नाहीतच असं झालं, आणि खाली अकरा प्रश्न.

ठिकाणांच्या नावांचं काय करता? 'द' कुठे लागतो हे मला कधीच जमलं नाही.

लेगस्पिन, गुरुवार दुपारी १.१५

नावांना तर्क थोडा, रूढी जास्त. नदी, समुद्र, डोंगररांग यांना 'द' : द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज. एकट्या शिखराला नाही : कळसूबाई, एव्हरेस्ट नुसतेच. देशांना नाही, पण नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात 'किंगडम', 'स्टेट्स' असा सामान्य शब्द असेल तर हो : द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द युनायटेड किंगडम. 'द गँबिया' हा यात न बसणारा. 'द युक्रेन' पूर्वी म्हणत, १९९१ मध्ये तो स्वतंत्र झाल्यावर 'द' गळत गेला आणि आता लावला तर तिथले लोक चिडतात, कारण त्याने देशाचा नुसता 'प्रदेश' होतो.

आपल्याकडे बघा : इंग्रज 'द डेक्कन', 'द कोंकण' म्हणत, कारण ते भूभाग. विदर्भाला, मराठवाड्याला, गोव्याला नाही. पुण्यात 'डेक्कनला उतरतो' म्हणजे मात्र पठार नव्हे, जिमखान्याचा स्टॉप.

बोरकूट, गुरुवार दुपारी १.४०

'वी क्रॉस्ड द गोदावरी' म्हणजे नदी ओलांडली. 'द' विसरलो तर आमच्या गोदावरीआत्याला आडवे गेलो. तिला आडवं जाऊन अजून कोणी सुखरूप परतलेलं नाही.

तळटीप, शुक्रवार रात्री १.५०

ताजी खबर. आज परत रात्रपाळीला निरोप लिहायची वेळ आली. बाईंचा प्रश्न तीनदा स्वतःला विचारला, ऐकणाऱ्याच्या जागी बसलो आणि छाती पुढे काढून लिहिलं, 'प्लीज रीस्टार्ट द सर्व्हर.'

आत्ता फोन आला. 'विच वन?'

वरच्या परिच्छेदात मी या वेळी दोन सर्व्हरबद्दल लिहिलं होतं.

मास्तरीण, शुक्रवार सकाळी ६.२०

राजाला दोन राण्या असल्या की नुसतं 'राणी रुसली' म्हणून चालत नाही. नाव लिहायचं, बाळा. सर्व्हरच्या नावाला उपपद लागत नाही.

तळटीप, शुक्रवार सकाळी ८.१०

बाई, नावं नद्यांची आहेत. हा बंद पडलेला गोदावरी.

बोरकूट, शुक्रवार सकाळी ८.१२

आत्याला मी कळवतो.